मांडवाला बांधलेल्या चोवीस तारा आणि माझे सूतक

प्रति,
मे. मामलेदारसाहेब,
तालुका वसई, जिल्हा ठाणे

विषय : चुलतभाऊ जगन्नाथ राऊत यांस माझे सूतक पाळण्यास भाग पाडणेबाबत.
संदर्भ : ता. २० एप्रिल १९५४ रोजीचा पंचनामा.

महोदय,

१. अर्जदार युद्धकाळात जहाजावर बिनतारी संदेशाचे काम करीत असे. सध्या सरकारी परवान्यावर आगाशी येथील आमच्या सामाईक वाडीत मी तेहतीस फुटी उभी एरियल उभारली आहे. तीवरून दर रविवारी सकाळी सातला कोलंबोच्या जॉनशी मी संकेतांनी बोलतो. हा माझा जहाजावरील सोबती. युद्धात त्याचे डोळे गेले, आणि पत्र वाचून दाखवणारी बहीण गेल्या वर्षी वारली.

२. उभी एरियल एकटी बोलत नाही. तिच्यात सोडलेल्या विजेला जमिनीतून परतीची वाट लागते, व आमची रेताड जमीन ती धड देत नाही. म्हणून तिच्या बुडापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे तांब्याच्या चोवीस तारा चार बोटे खोल पुरल्या होत्या. त्या नसल्या की बरीचशी शक्ती माती तापवण्यात फुकट जाते. ऐकू येते, पण आपले पोचत नाही.

३. जगन्नाथला हे ठाऊक होते. तारा पुरताना दोरीचे दुसरे टोक त्यानेच धरले होते. तरी ता. १७ एप्रिल रोजी मुलगी प्रेमलता हिच्या लग्नाच्या मांडवाचे खड्डे खणताना त्याने चोवीसही तारा उपसल्या व त्यांनीच मांडवाचे वासे आवळले. जाब विचारता म्हणाला, "मातीखालून कोण बोलतं? बोलणारा खांब तुझा उभाच आहे." पंचांनीही खांब पाहिला आणि नुकसान नाही असे लिहिले. नवीन तार पुरावी, तर ती जागा मांडवाखाली सारवून झाली आहे.

४. त्यानंतरचे तीन रविवार जॉन मला हाका मारीत होता. मी प्रत्येक हाकेला ओ दिली. त्याला एकही ऐकू गेली नाही. काल, ता. २ रोजी, सव्वासातला त्याने कळवले, "विद्या गेला असावा. त्याच्यासाठी मेणबत्ती लावतो. आता हाक मारणार नाही." ही माझी मृत्युवार्ता मी स्वतः ऐकून वेळेसह वहीत उतरवली आहे. मला रडू आले, हेही नमूद करतो.

५. सबब, मला ज्याने मारले तो माझा सख्खा चुलतभाऊ असल्याने त्याला दहा दिवसांचे सूतक लागते. ता. ७ चे लग्न त्यात येते. प्रेमलतेवर माझा राग नाही. तिची आई जयवंतीवहिनी तर माझ्यासाठी भांडली. परंतु जगन्नाथने क्षौर करावे, मिशीसुद्धा ठेवू नये, आणि व्याह्यांना कारण स्वतः जाऊन सांगावे, असा हुकूम व्हावा.

६. मांडव सोडून तारा जागच्या जागी पुरल्यास अर्ज मागे घ्याल काय, असे विचारले जाईल. घेणार नाही. जॉन पुन्हा हाक मारून माझी ओ ऐकेपर्यंत मला जिवंत धरू नये.

हुकमाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
विद्याधर हरी राऊत
आगाशी, ता. ३ मे १९५४

सोबत :
१) परवान्याची नक्कल.
२) वहीचे पान.
३) प्रेमलतेची लग्नपत्रिका. अर्जदार मयत असल्याने परत.