अकराची सभा

बाई, मला तुमचा राग आला आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली आणि गेलेल्या माणसावर रागावू नये असं आमच्या घरात मानतात, म्हणून वर्षभर गप्प बसले. पण कपडे वाळत घालताना, तांदूळ निवडताना मी मनात तुमच्याशी भांडतच असते, आणि मनातल्या भांडणात मी नेहमी हरते, कारण तिथेही तुम्ही खुर्चीत असता आणि मी टेबलासमोर उभी. म्हणून आज लिहायला बसले. लिहिताना तरी मला बसता येतं.

गेल्या वर्षी शाळा हलवायची ठरली. आपली शाळा, तुम्ही मुख्याध्यापिका होतात ती, कोळीवाड्याच्या तोंडावरची, नगरपरिषदेची. पट कमी झाला, म्हणून ती मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिळवून टाकायची असा कागद निघाला. तो रस्ता तुम्ही असताना एकेरी होता. आता शनिवारी सकाळपासून किहीमच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबत नाहीत, आणि पहिलीतली पोरं तो ओलांडून जाणार होती. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. लग्न होऊन मुंबईला गेले होते, ती झाल्यावर परत आले आणि हट्टाने तिला याच शाळेत घातलं. लोक हसले. मी तुमच्या भरवशावर घातलं होतं, तुम्ही नसतानाही.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. तरुण आहेत, नम्र आहेत, भिंतीवर तुमचा फोटो आहे त्याला रोज हार घालतात. मी म्हटलं, पालकांना न विचारता शाळा कशी हलवता? त्यांनी इतिवृत्ताची वही पुढे सरकवली. "मॅडम, शाळा समितीची संमती आहे. सर्वानुमते. ह्या सह्या बघा."

"समितीत आहे कोण?"

"पालकसभेत निवडले ना सगळे."

वाचलं. गाड्या भाड्याने देणारा एक, औषधांच्या दुकानाची मालकीण, दोन निवृत्त गृहस्थ ज्यांची नातवंडं शाळेत आहेत की नाहीत याचीच मला शंका, आणि असेच आणखी चार-पाच. कोळीवाड्यातलं एक नाव नाही. शाळेत निम्म्याहून जास्त पोरं कोळीवाड्यातली.

"ही सभा किती वाजता होती?"

"अकराला." आणि मग अभिमानाने, फोटोकडे बघत ते म्हणाले, "बाईंच्या काळापासून आपल्याकडे सभा अकरालाच."

बाई, मी वही मिटून परत दिली. बाहेर येऊन हापशाजवळ उभी राहिले. अकरा वाजता कोळीवाड्यातली कुठली आई मोकळी असते? पहाटे धक्क्यावर लिलाव, तिथून मासळीची पाटी घेऊन मार्केट, आणि दीड-दोनपर्यंत माल खपेल तेव्हा उठायचं. अकरा म्हणजे गिऱ्हाइकाची ऐन वेळ. हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही स्वतः अकरा वाजता मार्केटात माणूस पाठवून माझ्या आईकडून बोंबील मागवत होतात.

आठवा, मी सातवीत आहे. माझं अक्षर चांगलं, म्हणून पालकसभेच्या सूचना मी लिहिते. तुम्ही मला त्यासाठी शाईचं पेन दिलंय, हिरवं, टोपणावर सोनेरी पट्टी असलेलं, आणि वर्गात सांगितलंय की हे पेन शाळेचं नाही, तिचं आहे. आदल्या दिवशी आई घरी म्हणाली होती, "बायला सांग, मना पन यायचा हाय कमिटीत. पोरींच्या संडासाला कडी नाय, त्याचा बोलायचा हाय." मी म्हटलं, मग सभेला ये. "अकराला कशी येऊ गो? पाटी कोनाच्या डोक्यावर ठेवू, तुज्या?" म्हणून मी दुसऱ्या दिवशी सगळ्या सूचनांवर वेळ लिहिली, दुपारी तीन. मला वाटलं, चूक दुरुस्त केली.

तुम्ही पहिला कागद वाचलात, मग दुसरा, मग सगळे एकत्र धरून फाडलेत. ओरडला नाहीत. "वेळ ठरवणं तुझं काम नाही. तुझं काम सुवाच्य लिहिणं." मी रडत रडत आईचं सांगितलं. तेव्हा तुम्ही खुर्ची मागे सरकवून मला जवळ घेतलंत आणि म्हणालात, "तुझ्या आईला वेळ कुठे आहे गं? शिवाय तीनला ठेवली की सगळी मार्केटातून येणार, आरडाओरडा होणार. मला शांत सभा हवी." डब्यातला रव्याचा लाडू दिलात. मी तो खाल्ला, आणि त्याच पेनाने पुन्हा सगळ्या सूचना लिहिल्या, अकरा वाजता, अकरा वाजता. इतकं सुंदर अक्षर माझं पुन्हा कधी आलं नाही.

तुम्हाला निवडणुकीचा तिटकारा का होता, तेही मला माहीत आहे, म्हणून तर जास्त त्रास होतो. तेव्हा गावात शिक्षण मंडळ होतं, नगरसेवकांच्या मतांवर निवडून आलेलं. आम्ही चौथीत असताना वार्षिक परीक्षेच्या मधोमध त्याचे सभापती चार माणसं घेऊन आले. त्यांना सत्कारासाठी आपला हॉल हवा होता, लगेच, मुलांना अंगणात बसवा म्हणाले. तुम्ही दारात उभ्या राहिलात. "पेपर संपल्याशिवाय एक बाक हलणार नाही." महिन्याभरात तुमची बदली गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत झाली. वर्षाने परत आलात तेव्हा केस पिकले होते. त्यानंतर तुम्ही म्हणायचात, मतं मागत फिरणारा माणूस शाळेच्या पायरीवर नको. माणसं पारखून घ्यावीत. आणि तुम्ही पारखून घेतलीत. डॉक्टरांची बायको, पोस्टमास्तर, भाताच्या गिरणीवाले. त्यांनी विहीर साफ करून घेतली, वाचनालय उभं केलं. चांगली माणसं होती, नाकारत नाही. कडी मात्र आम्ही शाळा सोडेपर्यंत लागली नाही. पाच मुलींनी मिळून जायचं, चौघींनी दार धरायचं, ही आमची पद्धत होती. तुम्ही पारखलेल्या माणसांतल्या कुणालाच त्या दारामागे कधी जावं लागलं नव्हतं.

शिक्षण मंडळं पुढे रद्द झाली. नगरपरिषदेतही गेल्या वर्षी निवडून आलेलं कोणी नव्हतं, प्रशासक होते. म्हणजे शाळा हलवा म्हणणारे नेमलेले, आणि हो म्हणणारी समितीही नेमल्यासारखीच. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? तुम्ही माणसं नेमायचात तेव्हा तुम्ही तुम्ही होतात. पण तुम्ही मागे ठेवलीत ती फक्त अकराची वेळ. ती कुणाच्याही हातात चालते.

आई आता थकली आहे, मार्केटात जात नाही. तिला सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं ती तुम्हाला बोल लावेल. ती वाल सोलत होती. म्हणाली, "बाय चांगली व्हती. चांगली व्हती म्हनून तर कोन काय बोललं नाय." आणि सोलत राहिली. मला तिचाही राग आला.

मग मी वाड्यात घरोघर फिरले, अर्ज केला, नियम काढून दाखवला की समितीतले पालक पालकांनीच निवडायचे असतात. मुख्याध्यापक बिचारे घाबरले आणि कबूल झाले. सभा गुरुवारी चारला ठेवली, कारण गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक कमी. बाई, तुम्ही पाहायला हव्या होतात. हॉलमध्ये बसायला जागा नाही. पाट्या व्हरांड्यात रांगेने, मासळीचा वास थेट तुमच्या फोटोपर्यंत. प्रत्येक वर्गातून एक पालक निवडायचा, चिठ्ठ्या टाकून. बऱ्याच जणींना वाचता येत नाही, तर एकीने सुचवलं, उमेदवाराला एकेक मासळी निशाणी द्या, चिठ्ठीवर तीच काढू. मुख्याध्यापक फळ्यावर मासे काढायला लागले आणि हॉलभर हशा फुटला.

"गुरुजी, हा बांगडा हाय का वांगा?"

"मना बोंबील नको, माजी काय काडी झालीय?"

माझ्याकडे बघून कोणीतरी म्हणालं, "हिला पापलेट द्या, शिकलेली हाय." लगेच मागून, "पापलेट कोनाला परवडतंय? बघायचा आन पुढं जायचा." सगळ्या हसल्या. मीही हसले.

पाचवीची जागा मी लढवली आणि पडले. मला चार मतं, त्यातलं एक माझंच. निवडून आली ती मार्केटच्या दाराशी बसणारी, बोंबील घेतलेली. पुढच्याच आठवड्यात नव्या समितीने संमती मागे घेतली, वाड्यातल्या बायका प्रशासकांच्या केबिनबाहेर तीन दिवस पाट्या घेऊन बसल्या, आणि कागद थांबला. या वर्षी शाळा जागेवर आहे. मुलींच्या संडासाला कडी लागली. पण हेही तुम्हाला सांगायलाच हवं. आपल्या पोराला शिक्षा केली म्हणून त्या बोंबीलवालीने नव्या शिक्षिकेला भर वर्गात, मुलांसमोर, नको नको ते सुनावलं. ती शिक्षिका बाथरूममध्ये जाऊन रडली. मी बोंबीलवालीला समजवायला गेले तर मला म्हणाली, "तू कोन? तुला मतं किती?" तुम्ही असतात तर नुसत्या भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं असतंत, बघितलंस ना, म्हणून. पाहा. तरीही मी पुन्हा गुरुवारी चारलाच सभा मागेन. तिला पुढच्या वेळी पाडता येईल. तुमच्या त्या चांगल्या माणसांना पाडायची सोय आम्हाला कधी नव्हती.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं, तेवढंच ते कुठेतरी पोचलं असतं. आता नाही दाखवणार, कारण एक गोष्ट राहिली आहे. चिठ्ठ्या मोजून झाल्या, फळ्यावर माझ्या माशाखाली चार रेघा होत्या आणि सगळ्या त्या बोंबीलवालीला मिठ्या मारत होत्या, तेव्हा मला तुमची आठवण आली, आणि पहिल्यांदाच ती रागाने आली नाही. मला वाटलं, बाई असत्या तर त्यांनी मलाच नेमलं असतं. आणि बाई, मला ते हवं होतं.