फडक्याखालचा तिसरा ट्रॅक

३ मार्च

आला! मुनीने शेवटी तिसरा ट्रॅक पाठवला — आणि त्यात काहीच नाही. सात मिनिटं नुसती शांतता.

वीस तारखेला अल्बम बाहेर पडणार. चार वर्षांनी! कंपनीवाला रोज फोन करून जीव खातोय. आणि हा माझा जोडीदार, निम्मा अल्बम ज्याच्या जिवावर, तो मला कोरी पाटी पाठवतो.

फोन केला. म्हणाला, "नीट ऐक. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम आहे." ऐकलं. हेडफोन बदलून ऐकलं. नाहीच काही.

५ मार्च

स्क्रीनवर फडकं टाकून ऐकायचं, हा आमच्या जोडीचा नियम. केला मीच. आवाजाच्या रेषा डोळ्यांना दिसल्या की कान आळशी होतात, माणूस बघून बघून संगीत करायला लागतो. माझ्याकडे आईचं निळं फडकं, मुनीकडे एक फाटका टॉवेल. लोक हसतात. हसोत बापडे.

काल फडकं उचलायचा मोह झाला होता. नाही उचललं. शून्यात बघायचं तरी काय?

८ मार्च

मुनी येऊन गेला. एकच हेडफोन, एक बाजू त्याच्या कानाला, एक माझ्या. डोळे मिटून बोट वर वर नेत होता, "बघ, इथे कसा चढतो…" चेहऱ्यावर तर असं समाधान, की हात जोडावेत! नाटकी मेला.

"मुनी, मला बनवू नकोस. यात आहे काय?" मी म्हटलं.

त्याचं तोंड एवढंसं झालं. "आवडलं नसेल तर तसं सांग ना," म्हणाला, आणि पुढे काहीतरी पुटपुटला. हल्ली सारखा तोंडातल्या तोंडात बोलतो. पूर्वी असा नव्हता. मी "काय?" म्हटलं की वैतागतो. चहा तसाच टाकून गेला.

९ मार्च

दुपारभर रडले. सरळ आहे — त्याला जोडी मोडायची आहे. तोंडाने सांगवत नाही, म्हणून रिकामं गाणं पाठवलं. अकरा वर्षं! नवरा-बायको इतकी टिकत नाहीत हल्ली. त्याच्याशिवाय मला एक आवाज धड सुचत नाही, आणि हे त्याला चांगलं ठाऊक आहे. मी एकटी काय करू? शिकवण्या घेऊ?

११ मार्च

वहिनी फणफणत फोनवर — "अगं, बेल वाजवून वाजवून बोट दुखलं माझं. घरात असून दार उघडत नाहीस?" बेल बिघडली असणार. या घरात सगळंच बिघडलंय. तिला म्हटलं, माझी दुसरी किल्ली तुझ्याकडेच ठेव.

१४ मार्च

केलं एकदाचं. त्याच्या शून्याच्या जागी माझा ट्रॅक. एका बैठकीत वाजवला, नुसती धडधड, पोटातला सगळा राग. कंपनीवाल्याला पाठवून मोकळी. तो एकदम खूश. "मॅडम, याला म्हणतात दणका!"

मुनीला सांगितलं नाही. धीरच होत नाही.

१७ मार्च

अजून नाही सांगितलं.

२० मार्च

अल्बम आला. मुखपृष्ठावर आम्ही दोघं, पाठीला पाठ लावून. फोटो काढताना हसून हसून पुरेवाट झाली होती.

सकाळीच मुनीचा फोन. मी भांडायला कंबर कसून बसले होते. तो भांडलाच नाही. "माझं काम इतकं नकोसं होतं तुला?"

"कसलं काम? सात मिनिटं रिकामी पाठवलीस तू!"

म्हणाला, "रिकामी. बरं." आणि ठेवून दिला.

नंतर किती फोन केले. उचलत नाही. संपलं सगळं. लोक अभिनंदनाचे मेसेज पाठवताहेत, मी जेवलेही नाही.

२१ मार्च

आज त्याचा ट्रॅक स्पीकरवर लावून बसले. आवाज पूर्ण मोठा. निरोप म्हणून, दुसरं काय हातात होतं? एवढ्यात वहिनी किल्लीने दार उघडून आत आली ती दोन्ही कानांवर हात ठेवूनच.

"बंद कर गं ती चिरकी शिट्टी! पार जिन्यापर्यंत येतेय. डोकं फुटेल माणसाचं!"

"कुठली शिट्टी?"

तिने स्पीकरकडे बोट दाखवलं.

मी फडकं ओढलं. स्क्रीनवर रेषाच रेषा, पट्टा काठोकाठ भरलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

स्पीकरला कान लावला. हात लावला.

"अजून वाजतेय," वहिनी म्हणाली.