पन्हळीच्या बुचाबद्दल

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा गवंडीकाम आणि छपरांना चुना लावणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. छाती कामातून गेली आहे, पण डोके ठिकाणावर आहे. नर्सबाईंनी तपासून तसे सांगितले आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. याआधीचे कागद, असलेच तर, रद्द समजावेत.

१. घर. वडिलांनी ते याच जागेतला मऊ दगड करवतीने कापून बांधले. दगड काढून जो खड्डा पडला, तीच घराखालची टाकी. या बेटावर विहीर नाही, झरा नाही. छपरावर पडेल ते पाणी पन्हळीतून टाकीत उतरते आणि तेच आपण पितो. इथे घर घेणारा आधी टाकीत डोकावतो, मग भिंतींकडे बघतो. तर हे घर, टाकी आणि अंगण धरून, मी माझ्या धाकट्या भावाला देतो. माझी पत्नी जिवंत असेपर्यंत तिला इथून कोणी हलवू नये. हे ऐकून ती उठून जायला निघेल. तिला बसवावे. कारण कलम चारमध्ये आहे.

२. बँकेतली शिल्लक मुलाला. तो तिकडे शहरात नळाचे पाणी पितो. मागे आला तेव्हा तोंड धुताना अर्धी बादली ओतली. मी बोललो, तो तीन दिवस आधीच बोटीने निघून गेला. शिल्लक घे बाबा, आणि राग सोड.

३. दोन्ही करवती, थाप्या आणि कुंचले नावाड्याच्या मुलीला. छपरावर ती माझ्यापेक्षा नीट चालते. शिडी दुकानदाराकडे आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेली, त्याला सात वर्षे झाली. तो "कसली शिडी?" म्हणेल. तिसऱ्या पायरीला माझा खिळा आहे, तो बघावा. त्या गृहस्थाला मला पोचवायला यायचे असेल तर शिडी घेऊन यावे.

४. एकतीस वर्षांपूर्वी सात महिने पाऊस नव्हता. टाकीत घोट्याएवढे पाणी उरले होते, तेही हिरवे. मग वादळाची खबर आली. वादळात समुद्राचे पाणी उडून छपरावर येते, आणि पन्हळ उघडी राहिली तर ते खारे पाणी टाकीत जाते. म्हणून वारा सुटायच्या आत पन्हळीच्या तोंडात लाकडी बूच ठोकतात. आमच्या घरी ते काम धाकट्याचे. त्याने ते केले होते. शपथेवर लिहितो, त्याने बूच ठोकले होते.

वाऱ्याच्या आधी तासभर गोडा पाऊस आला. छपरावरून पाणी धो धो अंगणात वाहून चालले होते आणि मला ते बघवेना. सात महिने आम्ही पेल्याने मापून प्यायलो होतो. मी बूच उपटले आणि खिशात घातले. म्हटले, जरा भरू दे, मग लावतो. तेवढ्यात शेजारचे छप्पर उडाले, मी तिकडे धावलो, आणि बूच लावायचे राहिले.

सकाळी टाकी काठोकाठ भरलेली, आणि पाणी तोंडात धरवत नव्हते. बोटी फुटलेल्या. बाहेरून पाणी यायला नऊ दिवस लागले. शेजाऱ्यांनी दिलेले पुरले नाही. मग गुरांच्या डबक्यातले उकळून प्यायलो. सरपण ओले होते, ते उकळले की नुसते कोमट झाले, कोण जाणे. आमच्या ठमीला जुलाब लागले. सहा वर्षांची पोर. पाचव्या दिवशी पाणी मागत गेली.

त्याच दिवशी बायकोने विचारले, "बूच कोणी लावायचं होतं?" मी धाकट्याकडे बघितले. तो म्हणाला, "वहिनी, मी लावलं होतं." मी म्हणालो, "मग गेलं कुठे?" एवढेच बोललो, पण तेवढे पुरले. बूच तेव्हाही माझ्या खिशात होते. दुसऱ्या दिवशी ते समुद्रात फेकले.

त्या दिवसापासून धाकटा चुनभट्टीच्या खोपटात राहतो. बेटावर त्याला कोणी छपराचे काम दिले नाही. ठरलेले लग्न मोडले. रस्त्यात दिसला तर माझी बायको तोंड फिरवते, आणि मी तिच्या बाजूने चालत राहतो. मी नीच माणूस आहे. याला दुसरा शब्द नाही.

५. मी मेल्यावर, प्रेत उचलण्याआधी, कलम चार सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे.

इथवर लिहून मी पाकीट बंद केले होते. गेल्या बुधवारी धाकटा आला. खिडकीबाहेर उभा राहिला, आत ये म्हटले तरी आला नाही. मी त्याला घराचे सांगितले, या कागदाचेही सांगितले.

तो म्हणाला, "दादा, मला माहीत होतं. खिसा फुगला होता तुझा."

"मग बोलला का नाहीस?"

"वहिनीची पोर गेली होती. त्याच दिवशी नवरापण घालवायचा होता का तिचा?" मग म्हणाला, "घर नको मला. पण तू मेल्यावर तिने जाब कोणाला विचारायचा? प्रेताला?"

आणि गेला. पाच दिवस मी प्रयत्न करतो आहे. ती औषध घेऊन येते, मी तोंड उघडतो, औषध गिळतो, तोंड मिटतो.

६. कलम पाच रद्द. हा कागद आजच, मी शुद्धीवर असताना, तिच्यासमोर वाचावा. नावाडी वाचेल, माझा मला भरवसा नाही. धाकटा नाही म्हणाला तरी कलम एक कायम. त्याला घर ठेवायचे नसेल तर त्याने ते स्वतःच्या हाताने तिला द्यावे. सगळे ऐकून ती मला या खाटेवर मरू देईल की नाही, हे तिचे तिने ठरवावे. बाहेर काढा म्हणाली तर मला उचलून बाहेर ठेवावे. कोणी तिची समजूत घालू नये, नर्सबाईंनीसुद्धा नाही.

नावाड्याची मुलगी तिला परसातून बोलवायला गेली आहे. ती यायच्या आत सही करतो. नंतर हात चालेल असे वाटत नाही.

सही: छपरांना चुना लावणारा गवंडी

आमच्या देखत सही केली:
१. नावाडी
२. नर्सबाई

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळची खाट
दिनांक: वादळी हंगामाचा शेवटचा सोमवार, दुपार