सत्कारमूर्तींचा बॅसून

१२ जानेवारी, रविवार
अखेर न्याय मिळाला. आमच्या हौशी ऑर्केस्ट्राला पंचवीस वर्षं होतात म्हणून २३ फेब्रुवारीला मोठा कार्यक्रम आणि त्यात बॅसूनचा (माणसाएवढं उंच, फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य) सोलो. म्हणजे मी. पुढे मी उभा, मागे चौतीस जण.

बावीस वर्षं शेवटच्या रांगेत ड्रमच्या शेजारी काढली. निकिता शाळेत असताना कार्यक्रमाला आली होती. म्हणाली, पप्पा, खालून फक्त तुमचं नळकांडं दिसतं.

कंडक्टर नीरजा मॅडम (वय एकतीस, परदेशात शिकून आल्यात) म्हणाल्या, व्हायोलिनवाल्या कादंबरीचा हात फ्रॅक्चर आहे, म्हणून तुम्ही. 'म्हणून'कडे मी लक्ष दिलं नाही.

तीन भाग, अठरा मिनिटं. पहिले दोन भाग येतात. तिसऱ्यातलं सहावं पान जरा अवघड. रोज पहाटे पाच ते सात रियाज. उद्यापासून.

१३ जानेवारी, सोमवार
कडाक्याची थंडी. थंडीत लाकूड आक्रसतं. वाद्याच्या हितासाठी साडेसातला उठलो.

१९ जानेवारी, रविवार
रिहर्सल. सहाव्या पानावर, तिसऱ्या ओळीत अडकलो. नीरजा मॅडम म्हणाल्या, काका, इथे जरा हळू घेऊ या का? चौतीस जणांसमोर काका.

घरी येऊन विचार केला. अडचण बोटांची नाहीच. पुण्याला बॅसून म्हणजे काय हेच माहीत नाही. वाद्याच्या नावावरचा तो एक विनोद (बॅसून ना? मग उभं राहून कशाला, बसून वाजवा) प्रत्येकाला स्वतःलाच पहिल्यांदा सुचल्यासारखा वाटतो. मला तो आजवर चारशे जणांनी ऐकवला असेल. अशा श्रोत्यांसमोर सहावं पान वाजवून उपयोग काय? आधी वातावरण तयार करायला हवं.

२६ जानेवारी, रविवार
ऑर्केस्ट्राचे अध्यक्ष नागोराव (वीज मंडळातून निवृत्त) यांनी सोलोआधी माझा सत्कार करायची कल्पना काढली. मी तीनदा नको म्हणालो. चौथ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, तेव्हा मीच आठवण करून दिली.

२ फेब्रुवारी, रविवार
मानपत्र लिहायला घेतलं. स्वतःच, कारण माझ्याबद्दल एवढी माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही. चार पानं झाली. एक परिच्छेद वडिलांवर. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांनी चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. अख्खी वस्ती नाचायची. पण वाजवतोय कोण, हे कधी कुणी विचारलं नाही. आमचं आडनाव एकदा तरी माइकवरून नीट उच्चारलं जायला हवं. हा परिच्छेद कापायचा नाही.

रियाज: या आठवड्यात चाळीस मिनिटं. (एकूण.)

९ फेब्रुवारी, रविवार
निमंत्रणपत्रिका छापून आल्या. सत्कारमूर्ती: दशरथ वाघमारे. ठळक टाइप, अर्धं कार्ड. संगीतकाराच्या नावाला जागा उरली नाही. तो वारून दोनशे वर्षं झाली, त्याची तक्रार येणार नाही.

शालनने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, अहो, यात तुम्ही वाजवणार आहात असं कुठेच नाही. बायकोला टायपोग्राफीतलं काय कळतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
लक्ष्मी रोडला जाऊन माझ्या अंगावर पडायची शाल मीच निवडली. तपकिरी. बॅसूनला मॅच.

१६ फेब्रुवारी, रविवार
रिहर्सल चुकली. मुख्य पाहुण्यांना आग्रहाचं निमंत्रण द्यायला गेलो होतो. माणूस मोठा. बोलतात छान. थांबत नाहीत एवढंच.

संध्याकाळी नीरजा मॅडमचा फोन. हॉल साडेपाच ते साडेआठच आहे, नंतर तिथे नाटक आहे, सत्कार पाच मिनिटांत आटपा. मी म्हणालो, अर्थात. मग म्हणाल्या, सहाव्या पानाचं काय? मी म्हणालो, आवाज तुटतोय, हॅलो, हॅलो.

स्वयंपाकघरातून शालन म्हणाली, मला तर व्यवस्थित ऐकू येतंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार
शेवटची रिहर्सल. आणखी दोन पावलं पुढे उभा राहतो असं सांगितलं. नीरजा मॅडम म्हणाल्या, पडद्याची रेघ तुमच्या मागे जाईल, काका. मी म्हणालो, जाऊ दे. बावीस वर्षं सगळ्यांच्या मागेच होतो.

सहावं पान: स्टेजवर आपोआप येईल. लाइट पडले की अंगात काहीतरी संचारतं. पहाटेचा रियाज हा नवशिक्यांसाठी असतो.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३
सज्ज. रीडसुद्धा. (वेताच्या दोन पातळ पट्ट्या बांधलेली ती एवढीशी तोंडातली वस्तू. ओली असेल तरच बोलते, वाळली की बॅसून म्हणजे निव्वळ फर्निचर.) शालनने स्टीलच्या वाटीत पाणी घालून दिलंय. रीड शेवटपर्यंत पाण्यात ठेवायची. एवढं एकच लक्षात ठेवायचंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार
कार्यक्रम अत्यंत यशस्वी. क्रमाने लिहितो.

पाहुणे सव्वासहाला आले. पंख्यामुळे समई लागेना. पंखा बंद करणारा माणूस चहाला गेलेला. नागोरावांनी प्रास्ताविकात पंचवीस वर्षांचा इतिहास सांगितला, एकही वर्ष न वगळता. पाहुण्यांनी भाषणाची सुरुवातच त्या विनोदाने केली. प्रचंड टाळ्या. पुढे पन्नास मिनिटं. मग मानपत्र, चारही पानं. वडिलांच्या परिच्छेदाला हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. आडनाव अगदी बरोबर उच्चारलं.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. विंगेतून नीरजा मॅडम पंजा दाखवत होत्या. मला वाटलं शुभेच्छा. पाच मिनिटं उरलीत असा अर्थ होता, हे मला मागाहून कळलं. मी वीस मिनिटं बोललो.

सोलोआधीचे ऑर्केस्ट्राचे दोन्ही तुकडे नीरजा मॅडमनी कापले. आठ सतराला आम्ही सुरू केलं. एका हातात नारळ, एका हातात गुच्छ, अंगावर शाल, अशा अवस्थेत मी रीड वाटीतून काढून कधीतरी खिशात टाकली असावी. पहिली फुंक मारली. थंडीत रिक्षा सुरू होताना करते तसा आवाज आला. पहिल्या रांगेत कुणीतरी दाद दिली. रीड चोखून ओली केली, मग मात्र पहिला भाग बरा गेला. खरंच बरा गेला.

दुसऱ्या भागाचं पहिलंच पान चालू असताना साडेआठ झाले. हॉलचे लाइट लागले आणि पडदा पडला. माझ्या मागे. पलीकडे चौतीस जण, अलीकडे मी. पलीकडचं वाजणं दोन-तीन सुरांनंतर थांबलं. मी थांबलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे कुणीही नव्हतं. लोक उठून पार्किंगच्या पावत्या शोधत होते. पडद्याआड नाटकाचा सोफा ओढत आणत होते. पान संपेपर्यंत वाजवलं. वाकून नमस्कार केला तेव्हा हॉलमध्ये दोघीच बसलेल्या होत्या. घरच्याच.

रिक्षात निकिता म्हणाली, पप्पा, आज तुम्ही पूर्ण दिसलात. मी विचारलं, आणि ऐकू? ती बाहेर बघत म्हणाली, सोफा फार जड होता वाटतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७
मानपत्र भिंतीवर लावलं. नीरजा मॅडमना मेसेज केला, तिसरा भाग पुढच्या कार्यक्रमात घेऊ या का? निळ्या टिक आल्या. म्हणजे वाचलाय.

शालनला म्हणालो, वेळ मिळाला असता तर सहावं पान परवा नक्की आलं असतं. ती म्हणाली, हो का? मग आत्ता वाजवा. साडेआठला इथे कुणाचं नाटक नाही.

रीड भिजवली. वाजवलं. तिसऱ्या ओळीत अडकलो.

आतून शालन म्हणाली, पुन्हा.