सत्तेचाळिसाव्या वर्षी बालरोग

४ जून
रिपोर्ट आला. डावी किडनी काढली तेव्हा सर्जन म्हणाले होते, मोठ्यांना होतो तो नेहमीचाच कॅन्सर असणार. नाही! विल्म्स ट्यूमर. हा चिमुरड्यांना होतो, माझ्या वयात जवळजवळ नाहीच. दुसऱ्या लॅबनेही स्लाइड पाहून तेच सांगितलं. बायको रडली. मी अजिबात नाही. डोळ्यांत पाणी आलं ते एसीमुळे. मी चारचौघांसारखा नाही, हे आजवर एकटी आईच म्हणायची.

७ जून
उपचार मुलांच्याच पद्धतीने, म्हणून मुलांच्या डॉक्टरबाईंकडे पाठवणी. भिंतीवर जिराफ. खुर्ची गुडघ्याएवढी. बसलो. उठलो तेव्हा खुर्चीही उठली. संकल्प: वॉर्डातल्या पोरांना धीर द्यायचा. मोठं माणूस मी एकटाच.

११ जून, सकाळी
पहिली केमो. शेजारच्या कॉटवर टोपी घातलेली एक छोटी. तिला समजावलं, सुई म्हणजे काय, मुंगी चावल्यासारखं. घाबरायचं नाही.

दुपारी
चक्कर येऊन पडलो. सुईमुळे नव्हे, नाश्ता नीट झाला नव्हता. टोपीवाली आईला विचारत होती, काकांची मुंगी एवढी मोठी का?

२६ जून
केस गेले. मुळात फार नव्हतेच, तोटा किरकोळ. डॉक्टरबाईंनी विचारलं, पोट साफ होतं? पाय बधिर? म्हटलं, छे, ठणठणीत. पोरं सोसतात, मला काय धाड भरलीय?

३० जून
चालताना एक चप्पल गळून पडली. कळलंच नाही. घरी एकाच चपलेत पोचलो. बायकोने डॉक्टरबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. माझ्या पोटाची हकीकतसुद्धा. स्पीकरवर. सासूबाईंसमोर. डॉक्टरबाई कडाडल्या: या औषधाने मोठ्यांच्या नसांना जास्त त्रास होतो, म्हणून तर विचारते, लपवाल तर पाय कायमचे जातील. डोस कमी केला. बायकोशी अबोला धरला. चहापर्यंत. संध्याकाळी तिने तळपाय चोळले. बोटं जाणवतात का, विचारलं. हो म्हटलं. जाणवत नव्हती.

२ जानेवारी
केमो संपली, शेवटचा स्कॅनही झाला. निकाल उद्या. संकल्प: काहीही निघो, चेहरा दगडासारखा. शिवाय वॉर्डासाठी चार शब्द तयार आहेत.

३ जानेवारी
गाठ कुठेही नाही. ऐकलं आणि बायकोच्या खांद्यावर असा हंबरडा फोडला की बाहेर दोन पोरं घाबरून रडायला लागली. सिस्टरने आम्हां तिघांनाही गप्प केलं. चार शब्द राहिलेच. जरा सावरल्यावर सहज विचारलं, रिपोर्टात आणखी काही दुर्मिळ? डॉक्टरबाईंनी वाचून दाखवलं: लिव्हरला थोडी चरबी. बाकी सर्व वयानुसार.