अठरा घरांची भिंत

माघ शुद्ध दशमी, सन १९३१
मी सांगते, सून मथुरा लिहिते. हसायचं नाही, ही अट. मोडून झाली.
शिमग्यात पालखी बसते त्या सहाणेची भिंत यंदा वाडीच रंगवणार. अठरा घरं, अठरा चित्रं. वाडीचा मुख्य गावकर रावजी म्हणाला, "काकी, चिपळुणाहून पेंटर आणतो." म्हटलं, जांभा आमच्या बायकांनी डोक्यावरून आणला, पेंटराने नव्हे. म्हणाला, "पुनवेच्या पालखीआधी आठ दिवस भिंत तयार हवी. नाहीतर पेंटर."
बघच तू.

माघ पौर्णिमा
कमिटी नेमली. चेअरमन मी. बाकीचे मेंबर नंतर.
ज्याने त्याने मनाला येईल ते काढावं. मी मधे पडणार नाही.

माघ वद्य तृतीया
येसूबाईचा मोर बदकासारखा. शेपूट मी लावलं. हौसाचं जातं वाकडं, तेही सरळ केलं. ही ढवळाढवळ नव्हे, देखरेख.
शेजारची जनी म्हणाली, रंगात चुना घाला. चुना रावजीच्या घरचा, मला नको. तांबड्या मातीची काव, तांदळाची पेज आणि भरपूर गूळ. माझ्या लग्नात माजघर असंच रंगवलं होतं.

माघ वद्य अष्टमी
जनीने ऐकलंन नाही. कोपऱ्यात नवऱ्याचं गलबत चुन्यानेच काढलंन. "तुमचा गूळ तुम्ही खावा काकी," म्हणते. शीड तेवढं सरळ करू का विचारलं, तर भिंतीपुढे आडवी उभी राहिली.

माघ वद्य चतुर्दशी
सगळी चित्रं पूर्ण. रावजीला उद्या बोलावलंय. तोंड बघायचंय त्याचं.

माघ अमावास्या, सकाळी
गुरं सुटली होती. भिंत छातीपर्यंत चाटून लख्ख. मोराचा फक्त तुरा उरलाय. जनीचं गलबत जसंच्या तसं.
रावजी म्हणाला, "ढोरांना आवडली हो काकी!"
म्हटलं, आवडली ना? मग झालं.
पेंटरला निरोप धाडतो म्हणून गेला.

फाल्गुन शुद्ध द्वितीया
बायकांनी रावजीच्याच बायकोकडून चुना आणला. पुन्हा काढायला बसल्या. मला विचारलं नाही. मी हो म्हणणारच होते. सांगायला गेले, तर जनी म्हणाली, "तुम्ही लांब बसा गो काकी."

फाल्गुन शुद्ध सप्तमी
भिंत झाली! मोर बदकच, जातं वाकडंच. रावजीने मुकाट्याने पेंटरला नको कळवलंन.
रंग वाळेपर्यंत गुरं हाकायचं जोखमीचं काम कमिटीने चेअरमनलाच दिलं. काठी घेऊन सकाळपासून उभी आहे. एक ढोर फिरकलं नाही. जनी हसते, "चुना कोण चाटणार काकी?"
म्हटलं, चुन्याचं काय घेऊन बसलीस? माझा धाक आहे गो.