पाटीवर लिहिलेलं वाक्य

दि. १९ जानेवारी, रविवार दुपार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे. तूही बरी असशील आणि दाजींचा गुडघा आता जिने चढू देत असेल, असं धरून चालतो. मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं होतं, "पत्र मिळालं. तब्येतीला जप." चारच शब्द, पण अक्षर तुझं, म्हणून कपाटात नीट ठेवलंय.

आज सकाळी शर्यत झाली. कॅन्सर रुग्णालयासाठी मदत गोळा करायला दर वर्षी असते ती, दहा किलोमीटरची. माझी ही तिसरी. शेवटून चौथा आलो. माझ्यामागे दोन आजोबा आणि एक बाई, जी वाटेत फोनवर बोलत होती. म्हणजे तिला बोलता येत होतं, तरी मी पुढे. एवढं यश या वयात पुष्कळ झालं.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अजून टेबलावरच आहे. मालक भला माणूस. आवाज गेल्यावर दुसऱ्या कोणी घरी बसवलं असतं, यांनी लायसन्सचे फॉर्म भरायला दिले. मध्ये एकदा त्यांना वाटलं, बघू या, खुणांनी शिकवता येतं का. एका नव्या मुलीला घेऊन गाडीत बसलो. क्लच सोड म्हणून डॅशबोर्डवर टकटक केली, ब्रेकसाठी हात वर केला. दुसऱ्या वळणावर ती रडायलाच लागली. म्हणाली, "काका, तुम्ही काहीच बोलत नाही, मला भीती वाटते." बावीस वर्षं शिष्यांना वाटेल तसं बोललो, एक जण रडला नाही. गप्प बसलो तर ही गत. तेव्हापासून फॉर्म एके फॉर्म.

धावायला कसा लागलो हे तुला कधी सांगितलं नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मैदानाला फेऱ्या मारता मारता एक दिवस पाय आपोआप उचलले गेले. ऑपरेशनपासून गळ्याच्या भोकातून श्वास घ्यायचा, त्यामुळे धूळ आणि गार वारा दोन्ही वैरी. भोकावर ओलं फडकं बांधतो. सकाळी तिथे दहा-बारा जणांचा गट असतो. "काय काका, मस्त ना?" असं म्हणून पुढे निघून जातात. मी मान हलवेपर्यंत वळणावर पोचलेले असतात. पण एक आहे, जोरात धावताना कोणालाच बोलता येत नाही. तेवढा वेळ मी चारचौघांसारखा असतो. फेऱ्या संपल्या की सगळे कट्ट्यावर बसून बोलतात आणि मी घरी येतो.

घरी येऊन रेडिओ लावतो. कोणीतरी बोलत असावं म्हणून. कशावर बोलतात याकडे लक्ष नसतं.

आजचं सांगतो. सातव्या किलोमीटरला कफ अडकला. श्वास येईना. रस्त्याच्या कडेला बसलो आणि गळ्याकडे बोट दाखवत राहिलो. मदतीला दोन स्वयंसेवक धावत आले आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर दुखण्याचा फवारा मारला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेवटी बाटलीतलं पाणी घेऊन मीच भोक साफ केलं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. बाजूने माणसं जात होती, टाळ्या वाजवत होती, "काका, हार मानू नका" म्हणत होती. ताई, इतक्या गर्दीत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. त्या क्षणी हाक मारायची झाली तर कोणाला, हे मला माहीत होतं. मारायची सोय नव्हती.

तरी उठलो आणि पूर्ण केली. मग मला मंचावर नेलं. सूत्रसंचालकाला कोणी सांगितलं नव्हतं, त्याने माईक पुढे केला, "काका, दोन शब्द बोला." माझ्याकडे गळ्याला लावून बोलायचं यंत्र आहे. आजवर कोणासमोर वापरलं नाही, त्यातून पत्र्याच्या डब्यात माशी घुमावी तसा आवाज येतो. आज लावलं. "धन्यवाद" म्हणालो. समोर टाळ्याच टाळ्या. माझा दुसरा शब्द तयार होता. पण तो त्या लोकांसाठी नव्हता. मी यंत्र खिशात घातलं आणि खाली उतरलो.

उद्या पेपरात येईल, कर्करोगावर मात करणारा धावपटू, सर्वांची प्रेरणा वगैरे. मात-बित काही नाही. मी का धावतो ते त्यांना माहीत नाही. तुलाही नाही. गेली अडीच वर्षं प्रत्येक पत्रात पाणीपाऊस आणि गुडघे लिहून ते टाळतोय.

रुग्णालयात ऑपरेशननंतरचा एकोणिसावा दिवस. तू विचारलंस, "घराचे कागद कुठे ठेवलेस रे?" मी पाटी घेतली आणि लिहिलं, "मी अजून मेलो नाही. घरासाठीच आलीस ना?"

तू वाचलंस. तळहाताने पाटी पुसलीस. मग घड्याळ बघितलंस, माझ्या जेवणाची वेळ झाली होती. नाकातल्या नळीत थेंब थेंब पातळ जेवण सोडत राहिलीस, नळी उंच धरून, हात अवघडेपर्यंत. मी भिंतीकडे तोंड केलं. कागद शेजाऱ्याकडून मागवून घेतलेस, तेही मला नंतर कळलं. त्यानंतर आणखी एकोणीस रात्री खाटेखाली फरशीवर झोपलीस. मला घरी आणलंस, पाणी भरलंस, औषधं क्रमाने मांडलीस, किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून गेली. असं वाटलं मला.

त्यानंतर दीड वर्षाने, म्हणजे आजपासून अडीच वर्षांमागे, तपासणीला गेलो, तेव्हा सवलत चालू ठेवायची म्हणून समाजसेविकाबाईंनी माझी जुनी फाइल काढली. त्यात घराच्या कागदाची प्रत होती. पत्त्याचा पुरावा म्हणून लावलेली, उपचाराच्या सवलतीच्या अर्जाला. अर्ज तुझ्या तिरप्या अक्षरात. रुग्णाशी नाते, बहीण. रुग्णाला पाहणारे दुसरे कोणी, नाही. तारीख पाटीच्या दुसऱ्या दिवशीची.

बाई म्हणाल्या, "पाणी देऊ का?" माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, आजार उलटला.

त्याच वर्षी रुग्णालयाने शर्यतीची मदत रुग्णांसोबत राहणाऱ्यांच्या खोलीसाठी गोळा करायचं ठरवलं होतं. मी नाव दिलं. तेव्हापासून लोकांपुढे डबा धरला, शिष्यांच्या मागे लागलो, धावलो. लोक समजतात, हा स्वतःच्या आजाराशी झुंजतोय. मी तुझ्या पाठीखालची फरशी काढायला धावत होतो.

खोली गेल्या महिन्यात सुरू झाली. चौदा खाटा आहेत. बघायला गेलो तर भर दुपारी एक बाई चपला न काढताच झोपली होती, हात कपाळावर. मी दारातूनच परतलो. खोली झाली म्हणून वाटलं होतं, माझ्या मनावरचं ओझं थोडं उतरेल. तसूभरही उतरलं नाही. ज्या पाठीला हवी होती तिला खाट मिळालीच नाही, दुसऱ्या चौदा जणींना मिळाली. चांगलंच झालं, पण हिशोब वेगळाच राहिला.

माफी पत्रातून मागितली तर सोपी होईल, म्हणून मागत नाही. पाटीवर जे लिहिलं ते तुझ्या तोंडावर लिहिलं होतं. हेही तोंडावरच सांगायला हवं.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. यंत्र घेऊन येतो. आवाज भयंकर आहे, दाजींना आधी सांगून ठेव. दारातून "ताई" अशी हाक मारण्याइतका तो मोठा नाही, कडी वाजवीन आणि पायरीवर बसेन. तुझं मन होईल तेव्हा उघड. नाही उघडलंस तर संध्याकाळच्या गाडीने परत जाईन आणि तुझ्याबद्दल वाईट एक शब्द मनात आणणार नाही. तो हक्क मी एकदाच वापरला आणि संपवला.

तुझ्यावर संशय घेतलेला,
तुझाच,
धाकटा